माळ्यावरच्या वीस ऑर्डरी

माझ्या मोठ्या जाऊबाईंचं उजवं मनगट कामातून गेलं आणि कारखान्याच्या मालकीणबाईंनी आमच्या कामाच्या खोलीत येऊन सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत काहीतरी मार्ग निघाला पाहिजे." मालक लोकांचं बोलणं ऐकून ऐकून माझे कान तयार झालेत. मार्ग निघाला पाहिजे म्हणजे तो नाही निघाला तर तुम्ही निघा, इतकाच त्याचा अर्थ.

आमचा कारखाना चष्म्याच्या काचा घासतो. दोनशेच्या वर दुकानं गिऱ्हाइकांचे नंबर ईमेलने पाठवतात. ते एका स्क्रीनवर वाचायचे आणि दुसऱ्या स्क्रीनवर, काच घासणाऱ्या मशीनच्या प्रोग्रामात टाइप करायचे, हे आम्हा दोघी जावांचं काम. एका चष्म्याचे नऊ आकडे, दिवसाला चारशे चष्मे. कोणी म्हणेल, अहो, मशीनलाच ईमेल वाचायला सांगा की! सांगून झालं. तो प्रोग्राम इतका जुना आहे की तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, आणि टाइप करून दिल्याशिवाय त्याच्या घशाखाली काही उतरत नाही. तान्ह्या बाळासारखं घासाघासाने भरवावं लागतं.

जाऊबाई बावीस वर्षं भरवतायत, मी तेरा. मला इथे चिकटवलं त्यांनीच, आणि ते महिन्यातून एकदा तरी ऐकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मीही काही कमी नाही. मी तोंडाची फटकळ, त्या मनाच्या हट्टी. एका घरात दोन चुली आणि एका खोलीत दोन कॉम्प्युटर, तरी आम्ही तेरा वर्षं एकमेकींचं डोकं फोडलेलं नाही, ह्याचं लोकांना आश्चर्य वाटतं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मनगटातली शीर दाबली गेलीय, टाइप करणं बंद करा, नाहीतर बोटं कायमची बधिर होतील. त्यावर मालकीणबाईंनी काढलेला तोडगा असा: बाहेरची एक कंपनी आहे, दुसऱ्या कारखान्यांचं टायपिंग तीच करते, आपलंही काम तिकडे देऊ. मला सामानाच्या कोठीत बसवायचं आणि जाऊबाईंना पॅकिंगला लावायचं. पॅकिंग म्हणजे दिवसभर खोकी उचलणं. त्या मनगटाने! म्हणजे त्यांना घरी बसा म्हणायचं होतं, फक्त तोंडाने म्हणायचं नव्हतं.

त्या दिवशी घरी आल्यावर जाऊबाई माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मनगटाला पट्टा, चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "धाकटे, मला घरी बसवू देऊ नकोस गं. मला दुसरं काही येत नाही. आणि हे माझ्याइतकं कोणाला येत नाही."

बाई स्वतःहून कधी काही मागत नाही. त्यांच्यासाठी काहीतरी करायचं मी तिथेच ठरवलं. तोंडाने मात्र मी म्हणाले, "तुम्ही आधी बसा बघू. दारात उभं राहून कसली गाऱ्हाणी घालता?"

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्या भाऊला धरलं. तो म्हणाला, हल्ली असं सॉफ्टवेअर मिळतं, जे माणसासारखंच स्क्रीन बघतं, इकडचं उचलतं, तिकडे टाइप करतं. तेच तेच काम न कंटाळता करतं. पण अशी डझनावारी आहेत, त्यातलं आपल्याला कुठलं चालेल ते बघून घ्यावं लागेल. मी तशीच मालकीणबाईंच्या खोलीत गेले. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, तुम्हीच निवडा. तीन जणांना बोलवा, वीस-वीस ऑर्डरी करून दाखवू देत. पण महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर." हातात अठरा दिवस होते.

आता माझी चूक सांगते. लपवण्यात अर्थ नाही.

बाहेरचे लोक येणार म्हटल्यावर मी काय केलं, तर त्यांना द्यायच्या वीस ऑर्डरी छान निवडून काढल्या. नीट फॉर्म भरलेला, उजवा-डावा स्पष्ट लिहिलेला, कुठे खाडाखोड नाही. एका ऑर्डरीत स्पेलिंगची चूक होती, ती मी स्वतः सुधारली! पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर आवरतो, उशांचे अभ्रे बदलतो, तसंच. चारचौघांत कारखान्याची शोभा कशाला करायची? झाकली मूठ सव्वा लाखाची.

तिघे आले. पहिला चटपटीत, बसायच्या आधीच बोलायला लागलेला. त्याचं सॉफ्टवेअर तुम्ही माऊस कुठे नेता, कुठे दाबता ते एकदा बघून ठेवायचं आणि मग तसंच्या तसं करत राहायचं. दुसरा कोटवाला, बरोबर दोन मदतनीस आणि मोठा पडदा. त्याच्या पडद्यावर चौकोन आणि बाण, बाण आणि चौकोन. काम सुरू झालं की प्रत्येक ऑर्डरीपुढे टिंग करून हिरवी खूण. तिसऱ्या एक बाई होत्या. सर्दीने बेजार, दर दोन वाक्यांना एक शिंक. लॅपटॉपच्या कोपऱ्याला चिकटपट्टी. त्यांनी बसल्या बसल्या मला विचारलं, "तुमच्याकडच्या सगळ्यात त्रासदायक ऑर्डरी कुठल्या? त्या द्या ना."

मी ताठ मानेने सांगितलं, "आमच्याकडे तसलं काही नसतं."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, शिंकल्या आणि दिलेल्या वीस ऑर्डरी करून दाखवल्या. चटपटीतने केल्या, कोटवाल्याने केल्या, ह्यांनीही केल्या. सगळ्यांच्या वीसच्या वीस बरोबर. मग निवडायचं कशावरून? वेगावरून. कोटवाल्याचं तीन मिनिटांत आटोपलं होतं. मालकीणबाई खूश, मी खूश. किमतीतही फारसा फरक नव्हता. जाऊबाई मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीत हाताची घडी घालून बसल्या होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

संध्याकाळी घराचा जिना चढताना त्या मधल्या पायरीवर थांबल्या. "तू त्यांना कुठल्या ऑर्डरी दिल्यास?"

"आपल्याच."

"आपल्याच, पण कुठल्या?"

"चांगल्या दिल्या, वहिनी. जरा बऱ्या दिसतील अशा."

जाऊबाईंना हसू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या, आणि तेही माझ्यावर. "अगं शहाणे, पाहुण्यांना बैठकीची खोली दाखवलीस होय! ते राहायला येणार आहेत, चहाला नाही. त्यांना माळा दाखव. जिथे आपण सगळं कोंबून ठेवतो, तो माळा दाखव."

मला इतका राग आला, इतका राग आला. कारण त्यांचं बरोबर होतं. मी जिना चढून गेले आणि तासभर भांडी घासत बसले. मग खाली जाऊन म्हणाले, "उद्या काढून द्या मला तुमच्या माळ्यावरच्या वीस ऑर्डरी."

"वीस कशाला? दोनशे देते," त्या म्हणाल्या.

सकाळी मालकीणबाईंपुढे जाऊन "माझं चुकलं" म्हणणं मला किती जड गेलं ते माझं मलाच माहीत. नवऱ्यासमोरसुद्धा मी आजवर तीनदाच म्हटलंय. मालकीणबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. कोटवाल्याला होकार कळवायचा कागद त्यांच्या टेबलावर तयार होता. त्या म्हणाल्या, "शुक्रवारी दहा वाजता. शेवटची संधी. शुक्रवारीच महिना संपतो, विसरू नका. संध्याकाळी मी त्या बाहेरच्या कंपनीला काहीतरी एक सांगणार आहे."

शुक्रवारी तिघे पुन्हा आले. जाऊबाईंनी वीस ऑर्डरींचा गठ्ठा काढून ठेवला होता. काय काय नव्हतं त्यात! एका दुकानाने नंबर अक्षरात लिहिलेले. एकाने फॉर्म न भरता कागदाचा फोटोच पाठवलेला. एका गिऱ्हाइकाला एकच डोळा, त्यामुळे दुसऱ्याची जागा रिकामी. आणि सिलिंडरचा घोळ होताच. सिलिंडर म्हणजे नंबराचा तो भाग, जो काही दुकानं प्लसमध्ये लिहितात आणि काही मायनसमध्ये. दोन्ही बरोबरच, पण आमच्या मशीनला फक्त मायनस कळतो. प्लस आला की बेरीज-वजाबाकी करून सगळा नंबर फिरवून घ्यायचा. जाऊबाई ते तोंडातल्या तोंडात करतात. मला अजून कागद लागतो.

सुरुवात करायच्या आधी प्रत्येकाला अर्धा तास तयारीला दिला होता. चटपटीतने त्यात दोन फोन केले. कोटवाल्याने चहा मागवला. शिंकणाऱ्या बाई मात्र खुर्ची ओढून सरळ जाऊबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. "मला सांगा, कुठला आकडा दिसला की तुमच्या मनात पाल चुकचुकते?"

बावीस वर्षांत जाऊबाईंना हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला होता. त्यांचा चेहरा असा काही उजळला म्हणता! त्या सांगायला लागल्या आणि अर्धा तास थांबल्याच नाहीत.

पहिली पाळी चटपटीतची. पाच ऑर्डरी झकास झाल्या. सहावीला मशीनच्या प्रोग्रामाने त्याच्या जुन्या खोडीप्रमाणे मध्येच एक छोटी खिडकी उघडली, "प्रिंटरमधला कागद तपासा" म्हणून. आम्ही ती न बघताच बंद करतो. पण ह्याच्या सॉफ्टवेअरला ती खिडकी माहीतच नव्हती. ते आपलं ठरलेल्या जागी टाइप करत सुटलं. एका गिऱ्हाइकाचं नाव 'एकशे सत्तर' झालं आणि दुसऱ्याच्या डोळ्याला नंबर म्हणून फोन नंबर लागला. चटपटीत म्हणाला, "तुमचा प्रोग्रामच विचित्र आहे."

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हणाले. जाऊबाईंनी मला कोपर मारलं. डाव्या हाताचं.

मग कोटवाला. टिंग, टिंग, टिंग. तीन मिनिटं दहा सेकंद. वीस हिरव्या खुणा. तो फोटोसुद्धा त्याच्या सॉफ्टवेअरने वाचला. मालकीणबाईंनी घड्याळ बघून मान डोलावली.  मला वाटलं, माळा दाखवूनही काही उपयोग झाला नाही; ह्याच्यापुढे जाऊबाईंना कोण विचारणार?

शेवटी शिंकणाऱ्या बाई. त्यांचं सॉफ्टवेअर सुरू झालं, दोन ऑर्डरी केल्या आणि थांबलं. स्क्रीनवर एक पिवळी चौकट: 'इथे उजवा-डावा लिहिलेलं नाही. कुठला आधी?' बाईंनी ती ऑर्डर बाजूला टाकली. आणखी एक करून पुन्हा थांबलं: 'सिलिंडर प्लसमध्ये आहे. फिरवू का?' असं करत करत आठ वेळा थांबलं. सगळं मिळून अकरा मिनिटं, आणि वर आठ ऑर्डरी तशाच लटकलेल्या.

मालकीणबाई म्हणाल्या, "हे फारच थांबतं. ह्याच्याशेजारी माणूस बसवायचा असेल तर फायदा काय?"

कोटवाला सौम्यपणे हसला. असं हसणं मला सहन होत नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात जाऊबाई उठल्या. मालकीणबाईंच्या खोलीत बोलायला बावीस वर्षांत त्या पहिल्यांदाच उठल्या असतील. त्यांनी कोटवाल्याच्या वीस ऑर्डरींचं छापील पान उचललं, टेबलावर ठेवलं, डाव्या हातात पेन्सिल धरली आणि वेड्यावाकड्या खुणा करायला लागल्या.

"ही चूक. ही चूक. हिचा सिलिंडर फिरवलाच नाही, ह्या माणसाला एका दिव्याचे दोन दिवे दिसतील. ही बरोबर. ह्या बाईंना डोळा एकच, दुसऱ्यात ह्यांनी मागच्या गिऱ्हाइकाचा नंबर भरला. ही चूक. आणि ही तर बघाच. ह्या माणसाचे दोन्ही डोळे उलटसुलट लावलेत. जिना उतरताना पडेल तो."

वीसपैकी सात चुकल्या होत्या. सातही चुकांपुढे हिरवी खूण.

कोटवाला पुढे झाला. "शेवटची आमची चूक नाही, मॅडम. फॉर्ममध्ये 'पहिला डोळा', 'दुसरा डोळा' असं लिहिलंय. सगळीकडे पहिला म्हणजे उजवाच असतो."

"सगळीकडे असतो," जाऊबाई म्हणाल्या. "ह्या दुकानात नसतो."

मालकीणबाईंनी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

हे मलाही माहीत नव्हतं, खरं सांगते. हे दुकान पुलापलीकडच्या एका म्हाताऱ्या काकांचं. त्यांच्या ऑर्डरी आल्या की जाऊबाई माझ्याकडून ओढून घ्यायच्या. मला वाटायचं, ओळखीतले असतील.

जाऊबाईंनी टेबलावरचा फोन पुढे ओढला, नंबर पाठ होता, तो डाव्या हाताने दाबला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला.

"काका, मी बोलतेय, काचांच्या कारखान्यातून. तुम्ही पहिला डोळा लिहिता तो कुठला हो?"

पलीकडून चिडलेला आवाज आला. "डावा! मी डावखुरा माणूस, पन्नास वर्षं आधी डावाच तपासतोय. हे तुम्हाला आज का विचारावंसं वाटलं? तुमच्याकडून तर एकदाही चुकलं नाही. दुसऱ्या कोणाला बसवलंय की काय तिथे? तसं असेल तर आत्ताच सांगा, मी दुसरा कारखाना बघतो."

"नाही काका, मीच आहे," जाऊबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

 मालकीणबाईंनी हळूच विचारलं, "अशी लहर किती दुकानांची आहे?"

"एक्केचाळीस."

"आणि हे लिहून कुठे ठेवलंय?"

"कुठेच नाही. कोणी विचारलंच नाही."

मालकीणबाई खुर्चीत मागे टेकल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला त्यातल्या नऊ दुकानांच्या लहरी माहीत होत्या, फार तर दहा. मग त्या आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "आणि मी हे काम बाहेर देत होते. त्यांना हे कोणी सांगितलं असतं?"

मी एरवी गप्प बसणारी नाही, पण तेव्हा बसले. ते वाक्य त्यांच्याच तोंडून निघालेलं जास्त बरं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते ह्यालाच. तेही मी मनातच म्हटलं.

कोटवाल्याने आपली बाजू सावरली. "हे सगळे नियम आमच्याकडे घालता येतील. तुम्ही लिहून पाठवा, आमचे इंजिनियर तीन आठवड्यांत बदल करून देतील."

"आणि पुढच्या महिन्यात आणखी एखाद्या दुकानाला लहर आली तर?" मी विचारलं.

"पुन्हा तीन आठवडे."

मी शिंकणाऱ्या बाईंकडे वळले. कारण त्यांचीही एक ऑर्डर जाऊबाईंना चुकलेली सापडली होती. एक दुकान मुलांच्या चष्म्याच्या फॉर्ममध्ये दोन डोळ्यांमधलं अंतर मिलिमीटरऐवजी सेंटीमीटरमध्ये लिहितं, ते त्यांच्या सॉफ्टवेअरने न थांबता तसंच पुढे सरकवलं होतं. मी म्हणाले, "बाई, तुमचं हे कसं दुरुस्त करायचं?"

"तुम्हीच करा," त्या म्हणाल्या आणि लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

मी? मी आजवर फक्त आकडे टाइप केलेले. पण कोटवाला बघत होता ना! मग मी कशाला मागे हटतेय? बाईंनी दाखवलं: दुकान निवडा, रकाना निवडा, काय दिसलं तर काय करायचं ते लिहा. मी लिहिलं: अंतर दहाच्या आत असेल तर दहाने गुणा आणि थांबून विचारा. सात मिनिटं लागली, त्यातली दोन चुकीचं बटण दाबण्यात गेली. पुन्हा चालवलं. त्या ऑर्डरीपाशी येऊन सॉफ्टवेअर थांबलं आणि पिवळ्या चौकटीत त्याने मीच लिहिलेला प्रश्न मला विचारला.

अहो, काय सांगू! शाळेत पहिला नंबर आल्यावरसुद्धा मला इतका आनंद झाला नसता, आणि पहिला नंबर माझा कधी आलेला नाही.

मालकीणबाईंनी टेबलावरचा तयार कागद घडी करून खणात टाकला. शिंकणाऱ्या बाईंना म्हणाल्या, "तुमचं घेऊ." मग जाऊबाईंकडे बघून म्हणाल्या, "आणि ते थांबलं की ह्यांना विचारेल. एका बोटाने उत्तर देता येईल ना?"

"डाव्या हाताच्या एका बोटाने," शिंकणाऱ्या बाई म्हणाल्या.

जाऊबाई मान हलवून "बरं" एवढंच म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. मी मागोमाग गेले तर त्या पाण्याच्या नळापाशी उभ्या राहून घळाघळा रडत होत्या. मीही रडले. मग आम्ही दोघींनी तोंडं धुतली आणि खोलीत येऊन राहिलेल्या ऑर्डरी टाइप केल्या, म्हणजे मी केल्या आणि त्यांनी माझ्या चुका काढल्या.

पुढचे दहा दिवस आमच्या खोलीत नुसती भांडणं. जाऊबाई एकेक दुकान आठवून सांगायच्या, मी नियम लिहायचे. "असं नाही गं, हे फक्त मंगळवारी असं लिहितात, मंगळवारी त्यांचा भाचा दुकानात असतो." आता भाच्याचा नियम कसा लिहायचा? लिहिला! मंगळवारी त्या दुकानाची ऑर्डर आली की थांबायचं. शिंकणाऱ्या बाई दिवसाआड फोन करायच्या. त्यांची सर्दी बरी झाली, पण आमच्याकडे त्यांचं नाव तेच राहिलं. एक्केचाळीस दुकानं म्हणता म्हणता चव्वेचाळीस निघाली. तीन तर जाऊबाईंच्या हातांना माहीत होती पण डोक्याला नव्हती. सांगता सांगता त्यांची बोटं हवेत टाइप करायला लागली तेव्हा त्यांच्याच लक्षात आलं.

मग तो सोमवार उजाडला. साडेआठला मी बटण दाबलं. चारशे बारा ऑर्डरी. दोन्ही स्क्रीन आपोआप हलायला लागल्या. आकडा इकडून उचलला, तिकडे ठेवला. पहिला तासभर मी खुर्चीच्या टोकावरच बसले होते. जाऊबाई आपल्या जागेवर ताठ बसलेल्या, उजवा हात मांडीवर, डावं बोट तयार. पिवळी चौकट आली की त्या क्षणभर बघायच्या आणि दाबायच्या. उजवा. फिरव. दहाने गुण. ह्या दुकानाला फोन करावा लागेल. पाऊण तासाने त्यांनी मला चहा आणायला पाठवलं, मोठ्या साहेबांसारखं. मी गेलेही.

एकूण एकतीस वेळा थांबलं. एकतीस वेळा त्यांनी उत्तर दिलं. प्रत्येक ऑर्डर आम्ही दोघींनी मिळून छापील पानावर ताडून बघितली, कारण हिरव्या खुणांवर आमचा आता विश्वास उरलेला नाही. एक चूक सापडली नाही. एकसुद्धा नाही! बाराला दहा मिनिटं कमी असताना स्क्रीनवर आलं: 'आज आणखी काही नाही.'

मी जाऊन आणखी दोन चहा आणले. हे काम आजवर साडेपाचच्या आत कधी संपलं नव्हतं.

बारा वाजता मालकीणबाई डोकावल्या. दोघी निवांत चहा पिताना बघून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "काम बंद पडलं की काय?"

"झालं," जाऊबाई म्हणाल्या.

"किती झालं?"

"सगळं."

मालकीणबाई आत आल्या, स्क्रीन बघितली, छापील पानं चाळली, परत स्क्रीन बघितली. खुर्ची रिकामी होती तरी त्या उभ्याच होत्या. "सगळं?" त्यांनी पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या, "मग आता दुपारी तुम्ही दोघी करणार काय?"

माझ्या मनात धाकधूक झाली, हो. वाटलं, आता म्हणतील, अर्धाच दिवस या. पण जाऊबाईंनी कप खाली ठेवला आणि अगदी शांतपणे, जणू भाजी काय करायची ते ठरवतायत, म्हणाल्या, "ती बाहेरची कंपनी आहे ना, इतर कारखान्यांचं टायपिंग करणारी? त्यांच्याकडेही काकांसारखी दुकानं असतीलच. त्यांचे किती चष्मे परत येतात ते जरा विचारा. अडलेल्या, चुकलेल्या ऑर्डरी आमच्याकडे पाठवा म्हणावं. दुपारी आम्हाला वेळ असतो."

 मालकीणबाईंना हसू आलं, पहिल्यांदा तोंडातल्या तोंडात आणि मग मोठ्याने. मीही हसायला लागले. आणि मला माझ्या जावेचा इतका अभिमान वाटला, इतका अभिमान वाटला की काय सांगू. तिला मात्र सांगितलेलं नाही. सांगितलं तर आयुष्यभर डोक्यावर बसेल.

मालकीणबाई खुर्चीत बसल्या, आमच्याच फोनवरून त्या कंपनीचा नंबर फिरवला आणि म्हणाल्या, "नमस्कार. मागे आपलं कामाविषयी बोलणं झालं होतं ना, तीच मी. हो, हो. नाही, काम द्यायला फोन केला नाही. घ्यायला केलाय."